बाबांच्या घड्याळाचा पिवळा डायल

बाबांचं मनगटी घड्याळ स्वित्झर्लंडचं, पण बनवलं होतं आपल्याकडे विकायला: जाड काच, ठसठशीत आकडे आणि धूळ जाऊ नये म्हणून मागचं झाकण आट्यांवर फिरवून आवळलेलं. वीस वर्षं धानाच्या बांधीत वापरून त्याचा पांढरा डायल पिकल्या पेरूसारखा झाला होता. साक्षगंधात, म्हणजे आमच्या बालाघाटकडच्या साखरपुड्यात, नवरदेवाच्या हातात घड्याळ बांधायची रीत. ताईच्या वेळी बाबा म्हणाले, हेच बांधू, नव्यापेक्षा हे असली.

घरात घड्याळातलं कळणारा मी एकटाच, असा माझा समज. कारण एवढंच की रोज चावी मी द्यायचो. पिवळ्या तोंडाचं घड्याळ नवरदेवाला कसं द्यायचं? कोणाला न विचारता गोंदियाला गेलो आणि डायल रंगवून आणला. वर आग्रह करून बाराचा आकडा लाल करून घेतला. घरी सांगितलं, साफ केलं.

"बारा आधी लाल होते का रे?" बाबांनी विचारलं.

"मळाखाली दबले होते," मी म्हणालो. बाबांनी विश्वास ठेवला.

लांजीहून पाहुणे आले. नवरदेवाचे वडील खाणीत टाइमकीपर होते हे ठाऊक होतं. टाइमकीपरला घड्याळं कळत असतील, हे काही सुचलं नव्हतं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "बाबू, हात धुवाले पानी कुठं हाय?"

विहिरीपाशी त्यांनी हात धुतलेच नाहीत.

"डायल कुठं रंगवला?"

सोयरीक मोडलीच तर माझ्या लाल बारापायी मोडणार होती.

"गोंदियाले जी. पन घडी असली हाय, मामाजी. आमच्या बाबाची हाय."

"काहून रंगवला?"

"पिवळा पडलता."

"हे पाय. 'स्विस मेड' असते साहाच्या खाली, काठाले, मुंगीएवढं. तुया पेंटरनं तं दुकानाच्या पाटीवानी मोठं लिवलं." पेंटरनं झाकणही नीट आवळलं नव्हतं. ते त्यांनी बोटांनीच फिरवून काढलं आणि आत बराच वेळ पाहिलं. "मशीन असली. झाकनही तिचंच. नवरदेवाले सजवतेत बाबू, घडीले नाही."

झाकण तळहातावर ठेवून त्यांनी विचारलं,

"बाबानं किती साल वापरली?"

"वीस."

"मंग तो पिवळेपना वीस सालाचा होता. कंपनीलेही बनवता येत नाही तो. तुनं एका दिवसात पुसला." झाकण घट्ट आवळत ते म्हणाले, "आत कोनाले बोलू नको. बाबाले सांगजो, पन आमी गेल्यावर."

आत जाऊन भरल्या बैठकीत ते म्हणाले, "माल असली हाय," आणि स्वतःच्या हातानं ते मुलाच्या मनगटावर बांधलं. त्या तीन शब्दांचं ऋण माझ्यावर अजून आहे. पुढं जुनी घड्याळं पारखायला मी त्यांच्याकडूनच शिकलो, तरी डाग दिसला की बोटं पुसायला शिवशिवतातच.

पाहुण्यांची बस गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. बाबांनी एवढंच विचारलं,

"त्याइनं वळखलं, तरी बांधली?"

"हौ."

"मंग पोरगी चांगल्या घरी चालली," बाबा म्हणाले, आणि ताईला हे सांगायला आत गेले.