कात्रीबाईंनी राखलेला शब्द

छापखान्यातून निवृत्त झाल्यावर बाईंनी विणकाम हाती घेतलं नाही की टीव्हीसमोर बस्तान मांडलं नाही. जन्मभर मुद्रितं तपासलेला डोळा त्यांना स्वस्थ बसू देईना. जालावर एक मोफत ज्ञानकोश होता, कुणीही यावं आणि लिहावं असा. बाई त्यात शिरल्या आणि तण उपटू लागल्या. कुणी आपल्या मेव्हण्याचं चरित्र चढवलेलं, कुणी स्वतःच्या सलूनची आरती ओवाळलेली. बाईंच्या तावडीतून काही सुटेना. तिथली मंडळी त्यांना 'कात्रीबाई' म्हणू लागली. बाईंना ते नाव मनापासून आवडलं.

तिथला रिवाज असा, की लेखावर कुणी बोट ठेवलं तर आठवडाभर चर्चा व्हायची: ठेवायचा की उडवायचा? ठेवायचा तर छापील पुरावा हवा, आणि तोही ज्याला त्यात काही विकायचं नाही अशा माणसाचा.

एके दिवशी चर्चेला 'पंप-आउट' नावाचा लेख आला. जेमतेम तीन ओळी. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर धातूचा ठोकळा बसवतात आणि दोघांच्या मध्ये लेप, म्हणजे पेस्ट, लावतात. मशीन सारखं तापत-निवत राहिलं की धातू फुगतो, आकसतो आणि मधला लेप हळूहळू कडेला ढकलला जातो. त्याला म्हणे पंप-आउट म्हणतात. पुराव्याच्या नावानं शून्य.

'फौजदार' म्हणून ओळखले जाणारे एक जुने संपादक होते. त्यांनी लगेच शेरा मारला, "हौशी लोकांची बोलभाषा. उडवा." मागोमाग आणखी तिघांनी मान डोलावली. मग खुद्द लेख लिहिणारीच चर्चेत उतरली. तिचं दुरुस्तीचं दुकान होतं. "मी रोज हेच पुसते आणि तुम्ही म्हणता असं काही नसतंच? दुकानात या, डोळ्यांनी बघा!" असं लिहून तिनं खाली पत्ताच ठोकून दिला.

पत्ता वाचून कात्रीबाई चमकल्या. दुकान त्यांच्याच गावात, भाजीबाजाराच्या मागे!

त्यांनी आधी स्वतः 'पेस्ट' आणि 'पंप-आउट' असं टाकून शोधून पाहिलं. सापडल्या त्या हौशी लोकांच्या जालावरच्या गप्पा आणि लेप विकणाऱ्यांच्या जाहिराती. दोन्ही बाद. एरवी बाईंनी 'उडवा' लिहून हात झटकले असते. पण समोरची इतकी पोटतिडकीनं बोलावतेय, तर बघून तरी येऊ, म्हणून त्यांनी चप्पल पायात सरकवली.

दुकान म्हणजे एक काउंटर, दोन स्टुलं आणि छताला भिडलेली खोकी. स्पिरिटचा वास भरून राहिलेला. "मीच ती कात्रीबाई," असं ऐकल्यावर दुकानवाली आधी सावरून बसली, मग हसली.

"बसा मावशी. आत्ताच एक उघडतेय."

तिनं स्क्रू काढले, ठोकळा हलकेच फिरवून उचलला. प्रोसेसरच्या चारी कडांना करड्या लेपाची वळी जमली होती आणि मधोमध धातू लख्ख उघडा पडला होता.

"बघितलंत? जिथं हवा तिथं नाही, नको तिथं ढीग!"

"बघितलं गं. पण माझ्या बघण्याला तिथं कुणी विचारत नाही. छापील काहीतरी हवं."

"माझ्याकडे कुठलं छापील?" तिनं सुस्कारा सोडला. "आमचे बाबा जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांवर काम करायचे, ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं. ते लेपाला पेस्ट म्हणायचेच नाहीत, ग्रीस म्हणायचे. आम्हीच पेस्ट, पेस्ट करत बसलो."

बाई स्टुलावरून उठल्याच. "काय म्हणालीस? ग्रीस?"

सगळ्यांनी पेस्टच्या नावानं शोधलं होतं! चुकीच्या दारावर धडका मारल्यावर आतून ओ कोण देणार?

बाई थेट तंत्रमहाविद्यालयाच्या ग्रंथालयात धडकल्या. तिथं त्यांची धाकटी नणंद ग्रंथपाल होती.

"वहिनी, तू आणि इथं? घरी सगळं ठीक ना?"

"घर राहू दे. इलेक्ट्रॉनिक यंत्रं थंड कशी ठेवतात, त्याची पुस्तकं काढ."

"आता हे काय नवीन खूळ?" असं म्हणत नणंदेनं हातातलं काम बाजूला सारलं आणि शिडी लावली. दोघी समोरासमोर बसून शेवटच्या पानांवरच्या सूच्या चाळू लागल्या. दुपार कलली, तशी नणंद एकदम ओरडली, "वहिनी, ग्रीस! पंप-आउट!" आणि स्वतःच्याच ग्रंथालयात तिनं जीभ चावली.

एका जाड पाठ्यपुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. त्या धाग्यानं पुढं जाताना संशोधकांचे दोन निबंधही हाती लागले. प्रयोगशाळेत मशीन तापवून-निववून त्यांनी लेप किती सरकतो ते मोजलं होतं. विकायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

घरी येऊन बाईंनी लेख मुळापासून लिहिला. लेप का सरकतो, घट्ट लेप का टिकतो, ग्रीस आणि पेस्ट ही एकाच वस्तूची दोन नावं कशी, सगळं पुराव्यानिशी. चर्चेत मात्र त्यांनी एकच वाक्य टाकलं, "ठेवा, आपण सगळे चुकीच्या नावानं शोधत होतो."

तिथं एकच खळबळ उडाली. कात्रीबाई आणि 'ठेवा'? फौजदारांनी पुस्तक मागवून प्रकरण वाचून काढलं आणि ते तडक लिहिते झाले, "माझं मत बदललं. मानलं बाई तुम्हाला! याला एक आकृती हवी. ती मी काढतो." बाकीचे तिघेही वळले. निकाल लागला: लेख राहील, एकमतानं.

बाईंनी दुकानात फोन लावला. "राहिला गं तुझा शब्द!"

पलीकडून आधी किंकाळी आली, मग काहीतरी धडामकन पडल्याचा आवाज, आणि मग हसणं थांबेचना. "मावशी, धरा हं, शेजारच्या सगळ्यांना बोलावते!" एकेक जण फोनवर येऊन बाईंचं अभिनंदन करू लागला. त्यातल्या निम्म्यांना प्रोसेसर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. बाईंनी प्रत्येकाला लेप कसा सरकतो ते पहिल्यापासून सांगितलं.