नानांच्या हॉर्नमागची जागा

हॉर्नवाले नाना कधी कुठल्या वाजवणाऱ्यासमोर बसले नाहीत. धुळ्यात कुणाच्याही लग्नाला गेले, की हातात खुर्ची घ्यायची आणि थेट बँडच्या मागे नेऊन टाकायची. वधूपिता धावत येऊन पुढच्या सोफ्याकडे बोट दाखवायचा, पण नाना हलत नसत. वाद्य पुढून ऐकणं म्हणजे पाहुण्यानं ऐकणं आणि मागून ऐकणं म्हणजे घरच्यानं ऐकणं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

त्याला कारण त्यांचा फ्रेंच हॉर्न. हे वाद्य मुळातच उफराटं आहे. पितळी नळीची भलीमोठी गुंडाळी, वाजवणारा फुंकतो पुढे बघून आणि भोंग्याचं तोंड असतं मागे. त्यात उजवा हात भोंग्यात घालून बसायचं आणि चाव्या दाबायच्या डाव्या हातानं. नाना फौजी बँडमध्ये हाच हॉर्न वाजवायचे. निवृत्त होऊन गावी आले ते लिलावात निघालेला आपलाच जुना हॉर्न विकत घेऊन, आणि मग धुळ्यातल्या एका बोळात, राहत्या घरातच, त्यांनी लग्नातल्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचं दुकान टाकलं.

माझी नि त्यांची गाठ पडली ती चिंचेमुळे. मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचं बँडपथक माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या दिवशीच्या बैठकीला मी उशिरा पोचले होते. पथकाच्या कपाटात सगळ्यात खाली एक काळवंडलेला फ्रेंच हॉर्न सापडला आणि मी अशी काही हरखले की विचारू नका. आमच्या शाळेच्या शिपाई मावशींनी पितळ बघितलं, मोठ्या आस्थेनं त्याला चिंच आणि राख लावली आणि देवाच्या समईसारखा लख्ख घासून ठेवला. दिसायला राजबिंडा, पण तीनही चाव्या दगडासारख्या घट्ट. जळगावात कुणी हात लावेना. सगळे म्हणाले, धुळ्याला नानांकडे न्या.

नानांनी हॉर्न हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "चिंच. आणि राख गोवऱ्यांची." मी मान खाली घातली. आत फिरणाऱ्या झडपा असतात, केसभर सुद्धा फट नसते, तिथे राखेचा कण म्हणजे डोळ्यातलं कुसळ, हे त्यांनी मला समजावलं. मग रॉकेलमध्ये भिजत घातलेल्या त्या झडपा लाकडी हातोडीनं टकटक करत सोडवताना ते लहान बाळाशी बोलावं तसं पुटपुटत होते. मी जायचं सोडून दुपारभर तिथेच बसले. परतीची एसटी चुकली, दुसरीही चुकली.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की मी धुळ्याची गाडी धरू लागले. आधी दुरुस्ती शिकले. झडप चावीला जोडलेली असते ती एका दोरीनं, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली. नाना तापीवरच्या भोयांकडून गळाची दोरी आणायचे आणि तीच बांधायचे. पहिल्यांदा मी बांधली ती उलटी. चावी दाबली की झडप बंद, सोडली की उघडी. नानांनी ती तशीच वाजवायला लावली मला, अर्धा तास. म्हणाले, "मॅडम, हाताची चूक कानाला कळली पाहिजे. नाहीतर पुन्हा बांधाल." पुन्हा कधी चुकले नाही.

तेलाच्या बाबतीत ते भलतेच चिक्कू होते. एका झडपेला एक थेंब, दुसरा पडला तर ती बाटली माझ्या हातातून काढून घेत. वाजवून झालं की हॉर्नमध्ये साठलेलं वाफेचं पाणी काढायचं, तर त्याला गाडीच्या स्टिअरिंगसारखं गोल गोल फिरवावं लागतं. हे मी घरी अंगणात करत होते तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, वहिनींचं बरं आहे ना. त्यांनी शांतपणे सांगितलं, बरं आहे, म्हैस पाजून झाली की ती अशीच धुते. माझ्या रियाजाला आमच्या घरात म्हैसच म्हणत.

नानांना स्वतःला मात्र आता वाजवता येत नव्हतं. वरचे पुढचे दोन दात पडले होते. हॉर्नचं तोंड इवलंसं, ओठांना मागून दातांचा आधार हवा. कवळी बसवून पाहिली, तर पहिल्याच जोरकस सुराला कवळी निसटली. ती गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत. पण सांगून झालं की हॉर्न पुसायला घेत, तो पुसलेलाच असला तरी.

त्या हॉर्नच्या भोंग्याला खाली एक ठिगळ होतं. एकदा तो जिन्यावरून पडून फाटला होता, तेव्हा घरात हाताशी दुसरं पितळ नव्हतं म्हणून नानांनी नानींच्या रुखवतातला पितळी तांब्या कापला आणि त्याचा तुकडा झाळून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, बसवला. नानींनी ते शेवटपर्यंत ऐकवलं. नाना वाजवायला बसत ते रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे भोंगा आपसूक चुलीकडे. नानी भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि खालचा सूर लागला की म्हणायच्या, माझ्या तांब्यात पाणी भरतंय. नाना म्हणत, तुझ्या मनात तांब्या राहिलाय, म्हणून ऐकू येतो. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. मी धुळ्याला जाऊ लागले त्याच्या आदल्या वर्षी नानी गेल्या.

हे सगळं मला कळलं ते एका शनिवारी. माझ्याशी ते एरवी कचेरीतली मराठी बोलायचे, मधूनच फौजी हिंदी. त्या दिवशी हॉर्न मांडीवर घेऊन बसले होते आणि एकदम अहिराणीत बोलले. "चाळीस वरीस वाजाडं, पन मांगून कधी ऐकं नही. ती ऐके. माले एकदाव ऐकनं शे."

मला आधी कळलंच नाही की हे मला सांगताहेत. त्यांना आपला हॉर्न मागून ऐकायचा, तर वाजवणारं दुसरं कुणी हवं. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाले पुष्कळ, पण हे डावखुरं वाद्य शिकायला कुणी तयार नाही. म्हणजे उरले मी. माझं वय अडतीस, फुंक बेताची. पण त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी लागले. डब्याआधी, तपासायच्या वह्यांआधी, ओठ सुजेपर्यंत. नानींची आवडती चाल खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीतली होती, बायका म्हणतात ती, आणि तिचा शेवटचा सूर अगदी तळाला जातो. दीड वर्षं तो सूर माझ्याकडून घोगरा यायचा. एके दिवशी शाळेच्या रिकाम्या वर्गात तो सरळ, गोल, धरला तितका वेळ टिकला, आणि मी बाकावर बसून एकटीच हसत सुटले.

पुढच्या शनिवारी नानांनी त्यांचा हॉर्न माझ्या हातात दिला. तोपर्यंत त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी रस्त्याकडे तोंड करून बसले. मागे चुलीपाशी नानींचा पाट होता, नाना त्यावर बसले. चाल निघाली. वरचे सूर गेले, मधले गेले, तळाचा सूर लागला आणि मला माझ्या मांडीला जाणवलं, ते ठिगळ थरथरत होतं. एका कडेचा झाळ सुटला होता. बहुतेक बसवलं तेव्हापासूनच.

चाल संपली. मी वळले. नाना डोळे मिटून बसले होते.

"पानी भराई राहिनं," ते म्हणाले. "ती खरं सांगे, माय. मी तिले खोटी पाडू."

मी कारागिराच्या शहाणपणानं म्हटलं, कड सुटली आहे, दोन मिनिटांत झाळून देते. त्यांनी माझा हात धरला. "ते झायू नको," एवढंच बोलले. त्या दिवसापासून मी मॅडमची माय झाले.

गेल्या उन्हाळ्यात नानांचा मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. दुकान आवरलं, हातोड्या एका बँडवाल्याला दिल्या, हॉर्न मला. मी धुळ्याच्या स्टँडवर गेले. गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. मी हॉर्न काढला आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्यांना नीट ऐकू जायचं तर मला गाडीकडे पाठ करून उभं राहावं लागणार. जाणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवायची नसते, हे आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं. नाना खिडकीतून बोटानं गोल करून खुणावत होते, वळ, वळ.

मी वळले. समोर स्टँडची भिंत, पान थुंकून लाल झालेली. तिच्याकडे बघत मी कानबाईची चाल वाजवली. मागे इंजिन सुरू झालं, कंडक्टरनं दार आपटलं, लोक थांबून बघत होते, आणि नानांचा चेहरा काही मला दिसत नव्हता. तळाच्या सुराला ठिगळ वाजू लागलं. मी तो सूर दम संपेपर्यंत धरला आणि पुन्हा धरला, कारण गाडी गेली की नाही ते कळत नव्हतं. शेवटी शेंगा विकणारी एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, "गाडी तं कव्हयनी गई, माय."

अर्ध्या तासानं फोन आला. कुसुंब्याच्या आसपास असावेत. मी विचारलं, सूर कुठपर्यंत ऐकू आला, स्टँडबाहेरच्या वळणापर्यंत तरी?

"मोड लोंग," नाना म्हणाले. "तांब्या भराई गया व्हता."