सुलभाआक्कांचं ‘वुड रादर’

निपाणीच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी सुलभाआक्कांनी मला विचारलं होतं, चहा की कॉफी? काहीही चालेल, असं मी म्हणाले. शिपाई दारात खोळंबला होता, पण आक्का मला सोडेनात. ‘‘काहीही हितं मिळत न्हाय गं. एक काय ते सांग.’’

आक्का शहापूरच्या विणकराच्या घरातल्या. निपाणीत इंग्रजी शिकवायच्या आणि एका खोलीत एकट्या राहायच्या. आवड सांगणाऱ्या शब्दांचा पाठ त्या फार जीव लावून घेत. मुलं ‘प्रिफर’ आणि ‘वुड रादर’ कुठंही वापरायची. आक्का म्हणायच्या, ‘‘प्रिफर म्हणजे नेहमीची आवड. वुड रादर म्हणजे आत्ता समोर जे हाय, त्यातलं काय बरं वाटतंय ते. त्यात आवड असंलच असं न्हाय.’’

एकदा त्यांचा तास बघायला मी मागच्या बाकावर बसले होते. वाक्यं करता करता नववीतल्या एका मुलीनं सहज विचारलं, मॅडम, डू यू प्रिफर टू लिव्ह अलोन? वाक्य बरोबर आहे म्हणून आक्कांनी तिला शाबासकी दिली आणि फळा पुसायला घेतला. तो कोरा झाला तरी त्या पुसतच होत्या.

त्या संध्याकाळी घरी जाताना त्या आपणहून बोलल्या. लग्न होऊन त्या लोंढ्याला गेल्या होत्या. नवरा मारायचा नाही, ओरडायचा नाही, बोलायचाच नाही. ताट पुढं ठेवलं की जेवायचा, उठून जायचा. अशी दोनेक वर्षं काढल्यावर एका सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि स्टेशन गाठलं.

‘‘एकटं राहायला मला आवडत न्हाय,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘त्या घरापेक्षा हे बरं, एवढंच त्या दिवशी वाटलं. तो दिवस अजून सरला न्हाय बघ.’’



पुढं माझी बदली बेळगावला झाली. आक्का निवृत्त झाल्या, पण भावाकडं शहापूरला गेल्या नाहीत; त्याच खोलीत राहिल्या. परवा त्यांना भेटायला गेले. पिठलं-भाकरी झाली, शाळेच्या गप्पाही संपल्या. उन्हं उतरल्यावर मी गाडी गाठायला उठले, चप्पल घातली. आक्का दाराला धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

‘‘हिच्या मागनं आणि एक गाडी हाय,’’ त्या हळूच म्हणाल्या.

मी चप्पल काढली आणि पुन्हा आत जाऊन बसले.