मनुबाईनं न्हाऊ घातलेले दोघे

नागावात बाळंतीण असो की मयत, बोलावणं मनुबाईलाच. नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या नारळी-पोफळी शिंपून तिनं संसार ओढला, पण मेलेल्याला न्हाऊ घालण्याबद्दल कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही. वर म्हणायची, "त्यो काय परत येऊन फेडनार हाय?"

एकोणीसशे चौतीसच्या फाल्गुनात जुहूहून उडालेलं एक लहान विमान नागावसमोर समुद्रात पडलं. पुढे भरतीनं दोन मयतं किनाऱ्याला लावली. एक होता मुंबईचा पारशी वैमानिक आणि दुसरा त्याचा मेकॅनिक, पालीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा तुळशीराम. खडकांनी आणि मासळीनं चेहरे मात्र ओळखण्याजोगे ठेवले नव्हते.

बाप्ये फौजदाराची वाट बघत लांब उभे राहिले. मनुबाई विहिरीच्या घागरी घेऊन आली. खाऱ्या पाण्यातून आलेल्याला गोड्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि त्याच्या अंगावरचं समुद्राला परत द्यायचं, ही तिच्या सासूची रीत. तिनं दोघांना न्हाऊ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि कपडे ओहोटीला सोडून दिले. बाई पुण्य करायला गेली आणि घोळ घालून बसली!

फौजदारानं कपाळाला हात लावला. "अगं बाई, आता कोण कुठला ते कसं कळायचं?"

वैमानिकाचे मामा मुंबईहून आले होते. त्यांच्या धर्मात मयताला अग्नी देणं महापाप. इकडे तुळशीरामची आई बायजा पोराला अग्नी द्यायला आलेली. गल्लत झाली असती तर ती निस्तरायला ब्रह्मदेवही पुरा पडला नसता.

दुसरी कुणी तोंड लपवून घरी बसली असती. मनुबाई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"एकाच्या कमरेला लोकरीचा दोरा व्हता. मीच सोडला. पन कुनाच्या कमरेचा, ते ध्यानात न्हाय. उगाच कायबाय सांगायची न्हाय मी."

दोरा पारशांच्या धर्माचा. ते ऐकून मामांनी डोळे मिटले.

बायजाला धीर निघेना. अलीकडच्या मयताला मिठी मारून ती ओरडली, "ह्योच माजा! माजं काळीज सांगतंय!"

फौजदाराला तेवढंच हवं होतं. तो लगेच लाकडं रचायला सांगू लागला. मनुबाई आडवी आली. "सायब, जरा थांबा." मग बायजाजवळ बसून तिनं विचारलं, "बाय, पोराच्या अंगावर ल्हानपनीची काय खून हाय?"

बायजा म्हणाली, "तान्हा व्हता तवा पोट फुगलेलं. मीच बिब्ब्यानं डागला. लई कोकलला गो माजा पोर."

मनुबाईनं अलीकडचं कापड बाजूला केलं. पोट स्वच्छ होतं. पलीकडच्या मयताच्या बेंबीशेजारी, खरचटलेल्या कातडीत, काळ्या ठिपक्यांची ओळ होती. न्हाऊ घालताना तिच्या नजरेतून ती सुटली होती. मामांनी अलीकडच्या मयताजवळ गुडघे टेकले आणि मनुबाईला हात जोडले.

संध्याकाळी तुळशीरामची चिता रचली. बायजाचे पाय उचलेनात.

"तवा येकदा पोळवला," ती म्हणाली, "आता परत पोळवायचा व्हय गो?"

मनुबाईनं बायजाला घट्ट धरलं, आणि ज्वाळा खाली बसेपर्यंत सोडलं नाही.