पाचवीचा कागद

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि ‘नशीब’ हा शब्द घरात बंद केला. ते नेरच्या शाळेत मास्तर होते. परीक्षेसाठी इंग्रजी शिकत होते, आणि त्यांच्या पुस्तकात एक अख्खं पान नशिबावरच्या इंग्रजी वचनांचं होतं: नशीब एकदाच दार ठोठावतं, नशिबाला डिवचू नये, असली. ते वाचून त्यांना चेव यायचा. नशिबाच्या जागी ते यवतमाळची मोटर घालायचे. मोटर कुणाचं दार ठोठावत नाही, भोंगा वाजवून निघून जाते. मोटरीला डिवचू नये, फुफाटा उडवते. मी दहा वर्षांची होते, हसून हसून माझं पोट दुखायचं. आई हसत नसे. अशा गोष्टींची थट्टा करू नये, एवढंच म्हणायची. माझ्या पाठची तिची दोन बाळं गेली होती.

त्या उन्हाळ्यात तिला मुलगा झाला. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आमच्याकडे जुनी रीत. ती आता मोडली होती. तरी दिवेलागणीला आईनं एक कागद गुपचूप बाळाच्या उशाशी सरकवलेला मी पाहिला. मला भलतंच शहाणपण सुचलं. ती न्हाणीत गेली तेवढ्यात मी त्यावर मोटरीची सगळी वाक्यं लिहून काढली, कागद भरेपर्यंत. वडील वाचून खूश होतील असं मला वाटलं.

सातव्या दिवशी बाळानं दूध सोडलं. दुपारी त्याचा जबडा आवळला, अंग ताठ झालं. वडील त्याला घेऊन मोटरीनं यवतमाळच्या दवाखान्यात गेले. तिथंच ते गेलं.

बाळंतिणीचं अंथरूण काढताना तो कागद निघाला. आईला वाचता येत नव्हतं, पण तो भरलेला आहे एवढं तिला दिसलं.

“सटवाईले लिव्हाले जागाच ठेवली नाई तुमीनं,” ती वडिलांना म्हणाली.

वडिलांनी कागद घेतला. ते अक्षर त्यांनीच माझ्याकडून गिरवून घेतलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले, “मीनंच लिवलं.”

सटवाईवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तो आरोप त्यांना एका वाक्यात उडवून लावता आला असता. आई त्यानंतर शेवटपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मी तिला खरं सांगितलं नाही, आणि त्यांनीही मला कधी सांगायला लावलं नाही. याची लाज मला अजून जाळते.