एरंडेल, बोअरचं पाणी आणि दीपालीचे केस

"ओढणी काढ," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

दीपाली काही ऐकेना. खुर्चीत बसली होती, डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी गच्च धरून. उद्या तिची हळद, परवा लग्न. तिचं ब्रायडल पॅकेज मी स्वतः डायरीत लिहून ठेवलं होतं आणि त्यात आजच्या दिवसाचं काहीच काम नव्हतं.

तिच्या मागं तिची आत्या उभी होती. कौसाबाई. भोकरदनकडच्या एका गावात शेती करतात, पुतणीच्या लग्नाला आठ दिवस आधीच आलेल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चेहरा असा, की बाई पार्लरात नाही, पोलीस स्टेशनात आल्यात.

शेवटी ओढणी निघाली. जालन्याच्या मस्तगडात माझ्या पार्लरला बावीस वर्षं झाली, पण असलं मी पाहिलं नव्हतं. कमरेपर्यंतचे दाट कुरळे केस. ते सगळे डोक्याच्या मागं गोळा होऊन एक गठ्ठा झाला होता, नारळाएवढा. कडक. बोट आत जाईना. वरून एरंडेलाचा वास.

शबाना, म्हणजे माझी पार्टनर, कस्टमरच्या भुवया करत होती. ती दोरा दातात तसाच धरून बघत राहिली. कस्टमर एक भुवई घेऊन ताटकळली.

"ताई, कापावे लागतील का?" दीपालीनं विचारलं. आवाज पार गेला होता पोरीचा.

"कापायचं नाव काढू नको!" आत्या गरजल्या. "जट हाय ती. देवीची हाय. कोणी हात बी लावायचा न्हाई."

"मंग इथं कशाला आल्यात, आत्या?" मी विचारलं.

"मी कुठं आले? ही ऑटोत बसून निघाली, म्हून मागून चढले."

जट म्हणजे केस एकमेकांत गुंतून झालेली घट्ट दोरी. आमच्या भागात अजून बरीच माणसं ती आली की देवीनं बोलावलं असं धरतात. मग ती विंचरायची नाही, कापायची नाही. बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. दीपाली नवीन जालन्यात एका सीड कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, बियाणं उगवतं की नाही ते तपासायचं. तिचा यावर काडीचा विश्वास नाही. पण तिच्या वडिलांना लहानपणी याच बहिणीनं सांभाळलेलं. मी त्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, "ताई, अक्का म्हणती आधी देवीला जाऊन यायचं, कौल घ्यायचा, मंगच हळद लावायची. मला तर काही सुचून न्हाई राह्यलं. संध्याकाळपर्यंत तुमच्याच्यानं काही झालं तर बघा, न्हाई तर गाडी सांगून ठेवलीय."

म्हणजे संध्याकाळपर्यंत गाठ सुटली तर उद्या हळद. नाही सुटली तर एक तर केस जाणार, नाही तर लग्न लांबणार. सकाळचे दहा वाजले होते.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण आम्ही विहारात जाणारी माणसं. मी दुसऱ्याच्या देवीबद्दल तोंड उघडलं असतं, तर विषय केसांवरून भलतीकडं गेला असता. आत्यांनी ते बोलूनही दाखवलं. "तुमच्यात देवी न्हाई, बाई. तुला काय कळायचं?"

"देवीचं मला खरंच कळत न्हाई, आत्या. केसाचं कळतं. तेवढं तर विचारू द्या. केस कोणी धुतले?"

"म्याच! दुसरं कोण धुणार?" आत्यांचा चेहरा एकदम खुलला. त्यांच्या घरात लग्नाआधीचं न्हाणं आत्यानं घालायची रीत. त्यासाठी त्यांनी बांधावरच्या एरंडाचं तेल घरी काढून आणलं होतं. ते कोमट करून अर्धी बाटली डोक्यावर रिचवली. केस वर गोळा करून दिवसभर बांधून ठेवले. संध्याकाळी बोअरचं कढत पाणी घेऊन धुवायला बसल्या. तेल निघेना. मग कपड्याचा साबण घेतला. तरी निघेना. मग केस डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी गोल गोल चोळले.

"किती वेळा धुतले?"

"तीनदा. काही कसर ठेवली न्हाई बघ."

मी कपाळावर हात मारणार होते, तो केसांवरून फिरवला.

आता हे समजून घ्या, कारण हा घोळ अर्ध्या जालन्याच्या न्हाणीत कमीजास्त होतोच. केसावर अगदी बारीक खवले असतात, माशाच्या असतात तसे. कढत पाणी आणि कपड्याचा साबण लागला की ते उघडतात. उघडे खवले एकमेकांवर घासले की अडकतात. सरळ केस त्यातून निसटून जातात, कुरळे निसटत नाहीत. त्यात एरंडेल, सगळ्या तेलांत जाड आणि चिवट. त्यात आमचं बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांनी साबणाला फेस येत नाही, पांढरी चिकट साय होते आणि ती केसांवरच बसते. हे सगळं एकत्र करून वर गोल गोल चोळलं, की दुसरं काय होणार?

मी हे सगळं आत्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्या आईनं मला असंच न्हाऊ घातलं, म्या माझ्या पोरींना घातलं. कोणाला जट आली न्हाई. हिलाच कामून आली? देवीलाच पाहिजेल असंल ना."

"आत्या, तुमचे केस सरळ, तुमच्या पोरींचे सरळ. हिनं आईचे कुरळे केस घेतलेत."

"ते मला सांगू नको. केस ते केस."

इथं मला एक सुचलं. माझ्याकडं एक डमी आहे. रबराचं मुंडकं आणि त्यावर खरे लांब केस. क्लासच्या मुली त्यावर हात बसवतात. आम्ही तिला मंगला म्हणतो. मागच्याच आठवड्यात क्लासमध्ये पर्मिंग शिकवताना मी मंगलाचे केस कुरळे केले होते.

"आत्या, तुमची न्हाणं घालायची रीत मला शिकवा ना. नवऱ्या येतात माझ्याकडं, माझ्या उपयोगी पडंल."

बाईला कोणी शिकवा म्हटलं की ती नाही म्हणत नाही. आत्यांनी पदर खोचला. शबाना कोपऱ्यावरून एरंडेल आणि कपड्याचा साबण घेऊन आली. पाणी आमच्याही बोअरचंच, गीझरमधून कढत काढलं. मंगलाला बेसिनपाशी बसवलं आणि आत्या तिच्यावर तुटून पडल्या.

खरं सांगते, होईल की नाही याची मला खात्री नव्हती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, केस आपले सुटेच. शबाना माझ्याकडं बघायला लागली. अर्धी भुवई झालेली कस्टमर खुर्ची ओढून जवळ येऊन बसली. दीपालीनं डोळे मिटून घेतले होते. हे फसलं असतं, तर आत्यांची देवी पक्की झाली असती, आणि ती मीच पक्की केली असती.

"आत्या, घरी केलं तस्संच करा. बराबर तसंच. वर गोळा करून."

"तेच तर करून राह्यले!" त्यांनी केस वर घेतले, पुन्हा साबण लावला आणि गोल गोल चोळायला लागल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. मग त्या थांबल्या.

"अगं माय," त्या हळूच म्हणाल्या. "हात अडकला माझा."

आम्ही बघितलं. मंगलाच्या डोक्यावर गठ्ठा. आत्यांच्या दोन बोटांसकट.

मी तर ओठ दाबून उभी. बोलली ती दीपालीच. "आत्या, हिला बी देवीनं बोलावलं का?"

आत्यांनी तिच्याकडं बघितलं. मंगलाकडं बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ही बाई अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "आता रबराच्या बाईला कुठली देवी येती, मेल्यांनो!" शबाना खाली बसून हसत होती. कस्टमर हसत होती. दीपाली रडता रडता हसत होती. आणि एकदम आत्यांचं हसू गेलं.

"म्हंजी म्याच केलं का हे? पोरीच्या लग्नात?" त्या खरंच रडायला लागल्या. "आईवाणी न्हाऊ घालायला गेले गं. वाटूळं करून बसले."

मला भरून आलं. पण घड्याळात साडेअकरा झाले होते.

"रडायला टाइम न्हाई, आत्या. बोटं सोडवा, हात धुवा आणि बसा इथं. तुम्हीच गुंतवलंय, तुम्हीच सोडवायचं."

गुंता सोडवायचं तंत्र काही मोठं नाही. पाणी अजिबात नाही, कंगवा अजिबात नाही. कंडिशनर घ्यायचा, हात आखडायचा नाही. कंडिशनर म्हणजे केसाचे उघडे खवले बसवणारं आणि केस निसरडा करणारं क्रीम. मी दोन मोठ्या बाटल्या संपवल्या. तो गठ्ठ्यात मुरू द्यायचा आणि मग कडेनं, टोकाकडून, चार-चार केस बाजूला काढायचे. टेल कंगव्याची नुसती टोकदार दांडी दाभणासारखी वापरायची. मुळाकडून ओढलं की संपलं.

डावी बाजू मी घेतली, उजवी शबानानं. मधला भाग सगळ्यात कडक. तिथं माझी बोटं चालेनात. "सरक," आत्या म्हणाल्या.

आणि मग मी बघतच राहिले. या बाईनं सगळा जन्म कापूस वेचलेला. बोंडाचं टरफल न टोचता, कापूस न तोडता, बोटांच्या शेंड्यांनी अलगद ओढून काढायची सवय. तीच बोटं त्या गठ्ठ्यात शिरली आणि एकेक बट सुटी व्हायला लागली. माझी एक होईपर्यंत त्यांच्या तीन होत होत्या. मी बावीस वर्षांची प्रोफेशनल, आणि त्या दिवशी माझ्याच पार्लरात मी हेल्पर झाले.

दुपारी दोनदा चहा झाला. दीपालीचा बाप लहानपणी गुळाच्या काकवीत डोकं घालून बसला होता आणि अक्कानं, म्हणजे आत्यांनीच, त्याचं टक्कल केलं होतं, ही गोष्ट आत्यांनी रंगवून सांगितली. "हलू नको गं," मी दीपालीला ओरडत होते आणि मीच हसून हलत होते.

मधेच आत्यांनी विचारलं, "मंग धुवायचं कसं, ते तरी सांग."

"चोळायचं ते डोकं, केस न्हाई," मी म्हणाले. "शाम्पू पाण्यात कालवून फक्त डोक्याच्या कातडीला लावायचा, बोटांच्या पेरांनी. खाली ओघळतो तेवढा केसांना बस होतो. पाणी कोमट. कंडिशनर उलटा, कानाच्या खाली, टोकांना. कातडीला लावायचा न्हाई."

"सगळ्यांनी?"

"न्हाई, तिथंच तर गंमत आहे. तुमच्यावाणी सरळ, बारीक केस असले की मुळातलं तेल पटकन खाली उतरतं. दोन दिवसांत चिप्प. ते आठवड्यातून दोन-तीनदा धुवायचे, कंडिशनर नावाला. हिच्यावाणी कुरळे असले की तेल वळणांवळणांतून खाली पोचतच न्हाई. मुळं तेलकट, टोकं वाळकी. ते आठवड्यातून एकदाच धुवायचे, कंडिशनर भरपूर, आणि तो केसांवर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर सोडवायचे. कोरडे कुरळे केस विंचरायचे न्हाईत. आणि पंच्यानं फटाफट झटकायचे तर बिलकुल न्हाईत, दाबून पुसायचे."

"आणि तेल?"

"चमचाभर. अर्धी बाटली न्हाई."

आत्यांनी मान खाली घालून पटकन पुढची बट धरली.

पाच वाजायला थोडा अवकाश होता तेव्हा मधली शेवटची गाठ आत्यांच्या बोटांतून सुटली. मी केस बेसिनमध्ये घेतले. दोनदा हलक्या हातानं शाम्पू, परत कंडिशनर, पाच मिनिटं थांबून मग शेवटचं पाणी जारचं. पिण्याचं पाणी केसांवर ओतताना शबानाचा जीव तुटत होता, पण बोअरचं पाणी मी आज या केसांना दाखवणार नव्हते. मूठभर केस गळाले. टोकं चार बोटं कापली. बाकी सगळे शाबूत, पाठीवर मोकळे, ओले आणि काळेभोर. दीपालीनं आरशात बघितलं, मागं हात नेऊन केसांत बोटं घातली. ती आरपार गेली. मग तिनं वळून आत्यांच्या कमरेला मिठी मारली.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन. गाडीवाला दारात येऊन बसला होता, काय सांगू म्हणून विचारत होते. फोन आत्यांनी घेतला.

"गाडी परत पाठव," त्या ठणकावून म्हणाल्या. "देवीचा कौल आलाय. उद्याच हळद लावा म्हणती."

मी शबानाकडं बघितलं, शबानानं माझ्याकडं. दोघींनी हसू दाबलं. लग्न झोकात झालं. वेणी मीच घातली.

दोन महिन्यांनी आत्या परत आल्या, भोकरदनच्या बसनं. बरोबर त्यांच्या गावची एक बाई, चाळिशीची असेल. डोक्यावरचा पदर तिनं स्वतःच काढला. पाठीपर्यंत जट, सात वर्षांची.

"हिची बी सोडवू," आत्या बाह्या सरसावून म्हणाल्या.

मी हात लावून बघितलं. अशी जुनी जट सुटत नाही, आतून पार दगड झालेली असते. "ही कापावीच लागंल, आत्या."

बाई घाबरून आत्यांकडं बघायला लागली. आत्या तिच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाल्या, "काप. देवी रागवायला आली, तर तिला माझ्या घरी पाठव."

कात्री चालवली. गठ्ठा टेबलावर पडला तेव्हा ठक्क असा आवाज झाला. बाईनं मानेवर हात फिरवला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग पार मागं वळून दाराकडं बघितलं. "वळती गं मान!" म्हणाली, आणि परत परत वळवून बघत हसत राहिली.

आता शिकवण म्हणाल, तर एवढीच: कंडिशनर लावला की पाच मिनिटं थांबायचं. माणसाला त्याहून जरा जास्त वेळ द्यावा लागतो.