चव विचारणारे काका

“डॉक्टर, ऑनेस्टली सांगा, कशी लागली?”

बाटली नेल्यानंतरच्या शनिवारी मी दुकानात शिरलो की काका काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून हे विचारत. नुसतं ‘छान’ म्हणून सुटका होत नसे. आधी वास, मग पहिला घोट, मग गिळल्यावर मागे काय उरलं, सगळं क्रमानं सांगावं लागे. लेस्टरमधल्या त्या वाइनच्या दुकानात ते कैक वर्षं होते आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनाही असंच छळत. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, की या माणसानं आयुष्यात वाइनचा थेंबही चाखलेला नाही.

जुन्नरकडच्या मळ्यातून विलायतेला निघताना आईनं त्यांना गळ्याची शपथ घातली होती, दारूला शिवायचं नाही म्हणून. ती त्यांनी पाळली. नोकरी मात्र नेमकी या दुकानात लागली. मग काय, ते सगळं आमच्या जिभेवर शिकले.

शँपेन त्यांची विशेष लाडकी. तिच्यात तीन जातींची द्राक्षं, एक पांढरी, दोन काळ्या, तरी रस पांढराच, कारण रंग सालीत असतो. हे सांगताना त्यांच्यातला मळेकरी जागा व्हायचा. काळ्यानं अंग येतं, पांढऱ्यानं धार, असं ते म्हणत. ही द्राक्षं आंबट असतानाच तोडतात याचं त्यांना भारी कौतुक, कारण लहानपणी तशी तोडली म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. सोबत काय खायचं याबद्दल मत ठाम होतं: खारट आणि तळलेलं. काकूंच्या कोथिंबीर वड्यांचा डबा ते न विचारता माझ्या पिशवीत टाकत. एकदा मी श्रीखंडाबरोबर प्यायलो. शँपेन लिंबाच्या पाण्यासारखी लागली, आणि हे प्रामाणिकपणे सांगितल्यावर काका दोन शनिवार माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. दुकानात एक खोकं आलं. शँपेनच्याच पद्धतीनं केलेली, पण काकांच्या गावापासून सायकलवर जाता येईल इतक्या जवळ बनलेली वाइन. तिला शँपेन म्हणायचं नाही, ते नाव फ्रान्समधल्या त्या मुलखाचं, असं त्यांनी मला बजावलं. पण बाटली काही हातातून खाली ठेवेनात. त्यांच्या भावाच्या मळ्यातली द्राक्षंही तिकडे जात होती.

त्यांनी एक बाटली विकत घेतली आणि आईला पत्र लिहिलं, की आपल्याच द्राक्षांची आहे, एका घोटापुरती शपथ सोडव. उत्तर भावाच्या अक्षरात आलं. काकांनी ते मला काउंटरवरच वाचायला दिलं. ‘शपथ इथं घातली, ती इथंच सुटेल. बाटली घेऊन ये. मला पण वास दे.’

द्राक्षांच्या हंगामात जायचं ठरलं. त्या वर्षी काकूंचं ऑपरेशन निघालं. पुढच्या वर्षी मुलीची परीक्षा. तिसऱ्या वर्षी तिकीट काढलं, आणि निघायला पंधरा दिवस उरले असताना भावाचा फोन आला. काका मिळेल त्या विमानानं गेले. बाटली घरीच राहिली.

ते परतल्यावर मी शहाणपणा करून म्हणालो, की आता उघडायला हरकत नाही, शपथ आईबरोबरच संपली.

“संपली कुठं, डॉक्टर? सोडवणारी गेली.”

त्यानंतरही ते कितीतरी वर्षं शनिवारी मला तसंच विचारत राहिले. त्या बाटलीचा विषय मात्र आम्ही दोघांनीही काढला नाही.

काका गेले, त्यानंतर महिन्याभरानं काकूंनी मला घरी बोलावलं आणि ती बाटली दिली, सोबत वड्यांचा डबा. तुम्हालाच द्यायला सांगून गेलेत, म्हणाल्या.

रविवारी दुपारी उघडली. बूच आवाज न करताच निघालं. बुडबुडे थोडेच उरले होते, रंग मधावर गेला होता. आधी वास घेतला: भाजलेला पाव, जरासा बदाम. पहिल्या घोटाला मऊ. वडी खाल्ल्यावर दुसरा घोट घेतला, तर कच्च्या द्राक्षाचा आंबटपणा सरळ कानशिलापर्यंत गेला, आणि मला काकांची फार आठवण आली. तरी मी एकेक चव नीट लक्षात ठेवत होतो, शनिवारी दुकानात जाऊन सांगायची म्हणून.